लांब पल्ल्याच्या सरावासाठी आरामदायी बूट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते, त्यामुळे तयारीचा श्रीगणेशा ऐन पावसाळ्यात होतो आणि बुटांचे प्रश्नही तेव्हाच सुरू होतात. खालची उत्तरं हाफ किंवा फुल मॅरेथॉनसाठी आठवड्याला ३० ते ६० किलोमीटर डांबरी आणि सिमेंटच्या रस्त्यावर धावणाऱ्यांसाठी आहेत. सकाळी चालायला किंवा जिमला जायला बूट हवा असेल तर एवढा खल करायची गरज नाही.

जितका मऊ, तितका आरामदायी, असंच ना?

नाही. बहुतेकांचे पैसे इथेच वाया जातात. दुकानात बूट पायात घातला, दोन उड्या मारल्या, ‘वा, काय मऊ आहे’ म्हटलं आणि कार्ड पुढे केलं. तो मऊपणा पहिल्या दोन मिनिटांतला असतो. तुम्हाला बूट हवा आहे तो रविवारच्या लाँग रनच्या तिसऱ्या तासासाठी. तेव्हा पाय दमलेला असतो, सुजलेला असतो आणि घामाने ओला झालेला असतो. फार मऊ आणि शिवाय अरुंद असलेल्या सोलवर दमलेला घोटा आत-बाहेर डुलतो. ते डुलणं सावरायला पोटऱ्या आणि कमरेखालचे स्नायू जादा राबतात. चौपाटीच्या कोरड्या वाळूत धावताना पाय जसे भरून येतात, तसंच हे.

म्हणून मी क्रम असा लावतो: आधी माप आणि रुंदी, मग पायाखालची स्थिरता, त्यानंतर मऊपणा. रंग कुठेही बसवा.

कुशन नेमकं कुठे असतं? आतल्या काढता येणाऱ्या तळव्यात का?

तो तळवा म्हणजे इनसोल, चार-पाच मिलिमीटरचा. खरं काम करतो तो मिडसोल, म्हणजे बाहेरून दिसणारा जाड फोमचा थर. त्या फोममध्ये वायूचे असंख्य बंद बुडबुडे असतात. पाऊल पडलं की ते दबतात, उचललं की परत फुगतात. एका किलोमीटरला साधारण हजार पावलं पडतात, आणि प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-अडीच पट जोर जमिनीकडून परत येतो. मिडसोल हा जोर नाहीसा करत नाही. तो थोड्या जास्त वेळात आणि थोड्या मोठ्या भागावर पसरवतो, इतकंच.

फोमचे तीन प्रकार ओळखता आले तरी पुरे. ईव्हीए सर्वात जुना, स्वस्त आणि हलका. टीपीयू जड पण टिकाऊ. आदिदासने २०१३ मध्ये ‘बूस्ट’ आणला तो हाच. पेबा सर्वात हलका, उसळी देणारा आणि महाग. नाइकीच्या २०१७ च्या व्हेपरफ्लायमुळे तो गाजला. दाबताना दिलेल्या ऊर्जेपैकी किती परत मिळते, हे कोलोरॅडो विद्यापीठातल्या प्रयोगात मोजलं गेलं. पेबाचा बूट सुमारे ८७ टक्के, बूस्टचा ७६ टक्के आणि ईव्हीएचा साधारण ६६ टक्के ऊर्जा परत देत होता. पण ते शर्यतीचे बूट होते. रोजच्या सरावात ताशी ८-९ किलोमीटरने धावणाऱ्या माणसाला या आकड्यांसाठी दुप्पट पैसे मोजायचं कारण नाही. आजकाल साध्या ईव्हीएतही नायट्रोजन भरून चांगला हलका फोम बनवतात, आणि सरावाला तो उत्तम चालतो.

असिक्सच्या ‘जेल’बद्दल हमखास विचारतात. १९८६ पासून हे नाव चालत आलं आहे, पण जेलचा तुकडा असतो टाचेखाली, छोटासा. बाकी सगळा भार फोमच उचलतो.

सोल किती जाड असावा?

रोजच्या सरावाच्या बुटात टाचेखाली ३२ ते ४० मिलिमीटर हे आज सर्रास दिसतं. रस्त्यावरच्या शर्यतींसाठी वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सने ४० मिलिमीटरची मर्यादा घातली आहे. ती आघाडीच्या स्पर्धकांची डोकेदुखी. आपल्याला पाच तासांत फुल संपवायची असेल तर कोणी पट्टी घेऊन येणार नाही. तरी जाडी वाढली की रुंदीही वाढायला हवी. बूट उलटा करून बघा. टाचेकडचा आणि चवड्याकडचा तळ ऐसपैस असेल तर जाड सोल स्थिर राहतो. मधोमध कंबर फार बारीक असेल तर जपून.

आपल्या फुटपाथांवर, पेव्हर ब्लॉकवर आणि गतिरोधकांवर उंच, अरुंद बूट घोट्याला महाग पडतो. गाडीतळातून घरी येताना ठेचकाळणं वेगळंच.

‘ड्रॉप’ म्हणजे काय, आणि त्याने फरक पडतो का?

टाचेखालची जाडी वजा चवड्याखालची जाडी, म्हणजे ड्रॉप. नाइकी पेगासस पिढ्यानपिढ्या १० मिलिमीटरच्या आसपास आहे, ब्रूक्स घोस्ट बरीच वर्षं १२ होता, होका कमी ड्रॉपसाठी ओळखला जातो आणि आल्ट्रा कंपनी बहुतेक बुटांत शून्य ठेवते.

फरक पडतो तो भार कुठे जातो यात. ड्रॉप कमी तर पोटरी आणि टाचेमागची शीर जास्त ओढली जाते. ड्रॉप जास्त तर गुडघ्याकडे थोडा जास्त भार. यात चांगलं-वाईट काही नाही, तुमचा दुखरा भाग कोणता ते बघायचं. ज्याची पोटरी वारंवार धरते त्याने ८ ते १० वर राहावं. आणि १० वरून एकदम ४ वर उडी मारू नये. महिनाभर छोट्या रनमध्ये नवा बूट, लाँग रनला जुना, असं हळूहळू सरकावं.

माझे तळपाय सपाट आहेत. ‘सपोर्ट’ असलेलाच बूट घ्यावा लागेल का?

ओल्या पायाचा ठसा कागदावर उमटवून बुटाचा प्रकार ठरवायची पद्धत अजून दुकानांत जिवंत आहे. अमेरिकी लष्कर, हवाई दल आणि मरीनच्या नव्या सैनिकांवर हे पडताळून पाहिलं गेलं: अर्ध्यांना पायाच्या कमानीनुसार बूट, अर्ध्यांना सरसकट एकाच प्रकारचे. दुखापतींत म्हणावा असा फरक पडला नाही. कॅलगरी विद्यापीठाचे बेन्नो निग आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मांडलं की धावणाऱ्याला स्वतःला जो बूट आरामदायी वाटतो, तो बहुधा त्याच्या पायाच्या नैसर्गिक हालचालीला साथ देत असतो. मला हे पटतं.

तेव्हा सपाट पाय आहेत पण आजवर काही दुखलं नाही, तर साधा न्यूट्रल, म्हणजे कमानीला खास आधार नसलेला, बूट घ्या. सपोर्टच्या बुटात वर्षानुवर्षं सुखाने धावत असाल तर उगाच बदलू नका. तळपायाच्या आतल्या बाजूला किंवा नडगीच्या आतल्या कडेला सतत दुखत असेल, तर दुकानदाराला विचारण्याआधी फिजिओथेरपिस्टला दाखवा.

माझं वजन ९० किलो आहे. सर्वात मऊ बूटच घेऊ ना?

उलट, थोडा घट्ट फोम घ्या. जड माणसाखाली अतिमऊ फोम पूर्ण दबून बसतो, आणि मग त्यात द्यायला काही उरत नाही. लक्झेंबर्गमध्ये ८०० हून अधिक धावणाऱ्यांना बाहेरून सारखेच दिसणारे मऊ आणि कडक बूट वाटून सहा महिने नोंदी ठेवल्या गेल्या. कडक बूट घालणाऱ्यांना एकंदरीत दुखापती जास्त झाल्या, पण मऊ बुटाचा फायदा हलक्या वजनाच्या गटात स्पष्ट दिसला. जड गटात तितका दिसला नाही. आपला अंदाज नेमका उलटा असतो.

माप कोणतं घेऊ? ऑफिसच्या बुटाचंच?

ते माप इथे विसरा. काळं पडलेलं नख आणि अंगठ्याच्या टोकाचा फोड, या दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा तोकड्या बुटात असतं.

संध्याकाळी, दिवसभर पाय वापरून झाल्यावर मापा. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहा, बसून नाही, आणि सर्वात लांब बोटाच्या टोकाशी खूण करा. पुष्कळांचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं, तेव्हा अंगठा धरून चालू नका. दोन्ही पाय मापा, मोठा असेल तो खरा. बुटात उभं राहिल्यावर त्या बोटापुढे आडव्या अंगठ्याएवढी, म्हणजे सेंटिमीटरभर किंवा किंचित जास्त, जागा हवी. अनेकांचं रनिंगचं माप रोजच्या बुटापेक्षा अर्धा ते एक अंकाने मोठं निघतं.

एवढी जागा कशाला, याचं उत्तर साताऱ्यात मिळतं. तिथल्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेने जायचं आणि त्याच वाटेने उतरायचं. चढताना बूट कसाही चालतो. उतरताना प्रत्येक पावलाला पाय बुटात पुढे घसरतो आणि दहा किलोमीटर बोटं पुढच्या भिंतीवर आपटत राहतात. जागा असली तरी लेस सैल असेल तर हेच होतं, म्हणून टाच मात्र घट्ट बसलीच पाहिजे.

चवडा रुंद आहे, लांबी बरोबर पण करंगळी दाबली जाते.

मग मोठं माप नको, रुंद माप हवं. मोठ्या मापात करंगळी सुटते पण टाच निसटायला लागते. पुरुषांच्या बुटात डी ही नेहमीची रुंदी, टू-ई रुंद आणि फोर-ई जास्त रुंद. महिलांच्या बुटात बी नेहमीची आणि डी रुंद. न्यू बॅलन्स, ब्रूक्स, असिक्स ही अक्षरं पाळतात, पण आपल्याकडच्या दुकानात रुंद जोड मांडलेला क्वचितच असतो, मागावा लागतो. लहानपण चपलांत किंवा अनवाणी गेलेल्या बऱ्याच जणांचा चवडा ऐसपैस असतो, त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे वाटतो त्याहून जास्त जणांचा आहे.

सोपी चाचणी: इनसोल बाहेर काढा, जमिनीवर ठेवा, त्यावर उभे राहा. पाय कडेने बाहेर सांडत असेल तर तो बूट परत ठेवा.

महिलांनी पुरुषांचा बूट घेतला तर चालेल?

पायाला बसला तर खुशाल. महिलांचा साचा साधारणपणे टाचेकडे अरुंद असतो. रुंद पायाच्या अनेक बायका पुरुषांच्या डी रुंदीत आरामात धावतात. फक्त गुलाबी रंगासाठी अडून बसू नका.

दुकानात नेमकं काय करून बघू?

धावताना घालता ते मोजे घेऊन जा. दोन्ही पायांत बूट चढवा, लेस पूर्ण बांधा आणि धावा. दुकानात ट्रेडमिल असेल तर ठीक, नाहीतर दारासमोरच्या फरशीवर. सेल्समन बघत राहील, बघू दे. टाच उचलली जाते का, घोट्याच्या हाडाला कड लागते का, पायाच्या वरच्या बाजूला लेस रुतते का, एवढं पाहा. मग एका पायावर अर्धा मिनिट उभे राहा. पाय सारखा डुलत असेल तर दुसरा मॉडेल मागवा.

‘वापरून वापरून सैल होईल’ हे वाक्य ऐकलं की बूट खाली ठेवायचा. चामड्याची चप्पल सैल होते. रनिंगचा बूट पहिल्या दिवशी टोचला तर शंभराव्या किलोमीटरलाही टोचतो.

अमेरिकेतला भाऊ येताना आणतो म्हणतो. माप काय सांगू?

सेंटिमीटरचं सांगा. तुमच्या सध्याच्या, बरोबर बसणाऱ्या बुटाच्या जिभेआतल्या लेबलवर तो आकडा असतो. आपल्याकडे दुकानदार यूके माप बोलतात, तिकडे यूएस. पुरुषांच्या बुटात नाइकी आणि असिक्सचं यूएस ९ म्हणजे यूके ८, तर आदिदासचं यूएस ९ म्हणजे यूके साडेआठ. महिलांच्या मापात तफावत याहून मोठी. आणि बूट नाही बसला तर बदलायला कोण जाणार आहे? एकाच मॉडेलचा दुसरा जोड मागवायचा असेल तर ही सोय छान, पहिल्या खरेदीला नको.

थेट नावं सांगा ना. कोणता घेऊ?

रोजच्या सरावासाठी मधल्या मऊपणाचे: असिक्स क्युम्युलस, ब्रूक्स घोस्ट, नाइकी पेगासस, सॉकनी राइड. जास्त गुबगुबीत: असिक्स निम्बस, न्यू बॅलन्स १०८०, ब्रूक्स ग्लिसरिन, सॉकनी ट्रायम्फ, नाइकी व्होमेरो, होका बॉन्डी. होका क्लिफ्टन या दोन्हींच्या मध्ये. बजेट आखडतं असेल तर डेकॅथलॉनच्या किपरनमध्ये दोन-तीन जोड जरूर घालून बघा.

पहिल्या मॅरेथॉनला मी मधल्या गटातलाच बूट सुचवतो. लाँग रन असो की मंगळवारचा जरा वेगातला रन, दोन्हीला तो पुरतो. दुसरं असं की दर वर्षी नवा आकडा लावून तोच बूट येतो आणि मागच्या वर्षीचा सेलमध्ये पडतो. आकडा बदलला म्हणून जुना वाईट होत नाही, तेव्हा मापात मिळत असेल तर तोच घ्या. मात्र नव्या आवृत्तीत साचा कधी कधी बदलतो, त्यामुळे ‘मी नेहमी याच मॉडेलचा ९ नंबर घेते’ यावर विसंबून न घालता घेऊ नका.

कार्बन प्लेटचा बूट घेतला तर सरावालाही वापरता येईल?

येईल, पण रोज नको. सोलमध्ये बसवलेली ही कडक प्लेट आणि पुढे वर वळलेला सोल यांमुळे पायाच्या बोटांचं वाकणं कमी होतं आणि भार दुसरीकडे सरकतो. शिवाय अशा बुटातला फोम लवकर बसतो. शर्यतीच्या आधी दोन-तीन लाँग रन त्यात करून बघा, तेवढं पुरे. पाच तासांच्या मॅरेथॉनमध्ये हा बूट न घेता वाचलेले पैसे दुसऱ्या साध्या जोडावर लावले तर जास्त उपयोग होतो.

दुसरा जोड? एक पुरत नाही का?

आठवड्यातून तीनदा धावत असाल तर पुरतो. चार-पाचदा धावत असाल तर दोन वेगवेगळ्या मॉडेलचे जोड आलटून पालटून घाला. लक्झेंबर्गच्याच २६४ धावणाऱ्यांवरच्या एका अभ्यासात असे बूट बदलणाऱ्यांच्या दुखापती बऱ्याच कमी आढळल्या. रोज पायाच्या त्याच त्याच जागी ताण येत नाही, हे त्यामागचं संभाव्य कारण. आपल्याकडे आणखी एक रोकडं कारण आहे: जुलैत एक जोड वाळेपर्यंत दुसरा पायात असतो.

पावसाळ्यात वॉटरप्रूफ बूट घेऊ का?

नको. जीटीएक्स (गोर-टेक्स या वॉटरप्रूफ अस्तराची खूण) लिहिलेला बूट बाहेरचं पाणी अडवतो, पण आपल्या पावसात पाणी घोट्यावरून आत शिरतं आणि मग तिथेच राहतं. साधा जाळीचा बूट भिजतो आणि निथळतोही. सोलखालचं रबर मात्र तपासा. उघडा फोम जास्त आणि रबर नावाला असेल तर ओल्या फरशीवर घसरायला होतं.

घरी आल्यावर इनसोल काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला आणि पंख्याखाली ठेवा. वॉशिंग मशीन, हेअर ड्रायर, कडक ऊन आणि उन्हात उभ्या गाडीची डिकी, हे चारही वर्ज्य. उष्णतेने फोम आणि गोंद दोन्ही खराब होतात.

किती किलोमीटरनंतर बदलायचा?

५०० ते ८०० च्या दरम्यान. तुमचं वजन, रस्ता आणि फोम यावर ते ठरतं. स्ट्राव्हासारख्या अ‍ॅपमध्ये बुटाचं नाव टाकून ठेवलं की हिशेब आपोआप राहतो. वरची जाळी नवी दिसते म्हणून फसू नका. मिडसोलच्या कडेला आडव्या सुरकुत्या कायमच्या बसल्या, टेबलावर ठेवल्यावर बूट एका बाजूला कलला, किंवा नेहमीच्याच अंतरानंतर नडगी आणि गुडघे कुरकुरू लागले, की वेळ झाली. असा बूट भाजी आणायला आणखी दोन वर्षं चालतो.

शर्यतीच्या दिवशी नवाकोरा घातला तर?

अजिबात नाही. शर्यतीचा जोड डिसेंबरच्या सुरुवातीला हातात हवा. त्यात ६० ते १०० किलोमीटर आणि निदान एक २५ किलोमीटरचा रन व्हावा. पेडर रोडचा चढ फुलच्या शेवटच्या टप्प्यात येतो. मोजा कुठे घासतो याचा शोध लावायची ती जागा नव्हे. शर्यतीआधीच्या एक्स्पोमध्ये बिब (छातीवर लावायचा नंबर) घ्यायला गेल्यावर सवलतीत बूट दिसले तर घ्या, पण ते पुढच्या हंगामासाठी.

अनवाणीच धावलं तर? लता करे नाहीत का जिंकल्या?

जिंकल्या, बारामतीत, नऊवारीत आणि अनवाणी. त्यांची शर्यत ३ किलोमीटरची होती, आणि त्यांच्या पायांना आयुष्यभर कष्टाची सवय होती. अबेबे बिकिला १९६० मध्ये रोमला अनवाणी ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकला, पण १९६४ मध्ये टोकियोत पुन्हा जिंकला तो बूट घालून. तुम्ही गवतावर आठवड्यातून दहा मिनिटं अनवाणी जरूर धावा, तळपाय बळकट होतात. ३० किलोमीटरचा लाँग रन बुटात.

गुडघा दुखतोय. मऊ बूट घेतला की थांबेल?

कधी कधी. बहुतेक वेळा कारण अंतर एकदम वाढवणं हे असतं. गेल्या चार आठवड्यांची नोंद काढून बघा, उत्तर तिथे सापडण्याची शक्यता जास्त. दोन आठवडे अंतर कमी करूनही दुखलं तर डॉक्टर.

मोज्यांचं काय?

सुती नको. घाम धरून ठेवतात आणि फोड आणतात. पातळ सिंथेटिक घ्या, बोटांवर शिवण नसलेले.

टाच निसटते आणि लेसही सुटते, काय करू?

लेसच्या ओळीत सर्वात वर, जरा मागे, एक जादा भोक असतं. ते बहुतेकांनी कधी वापरलेलंच नसतं. लेस त्याच बाजूच्या त्या भोकात बाहेरून आत घालून छोटी कडी करा, दोन्ही बाजूंना. मग प्रत्येक टोक समोरच्या कडीतून ओवा, मागे-खाली ओढा आणि गाठ मारा. टाच धरली जाते आणि चवडा मोकळा राहतो. पायाच्या वरच्या बाजूला दुखत असेल तर त्या जागेवरची फुली सोडून लेस सरळ वर न्या. गाठ दुहेरी मारा आणि उरलेली टोकं आडव्या लेसखाली खोचून टाका.